सोळावा वाटाणा

पहाटे पाचला, त्या गोठलेल्या तळ्याच्या काठावर,
मी डाव्या हातमोज्यात सोळा सुके वाटाणे टाकले.
एक फेरी साडेबारा किलोमीटरची.
फेरी झाली की एक वाटाणा उजव्या हातमोज्यात.
आमच्या फ्रीसलंडचे कालवे आता गोठत नाहीत,
म्हणून आम्ही आमचाच हिवाळा शोधत
ऑस्ट्रियापर्यंत येतो, बसभर माणसं,
रात्रभर गुडघ्यांबद्दल बोलत.

मी वित्स्के. वय चोपन्न. टपाल वाटते.

ऑक्टोबरात एका पोरसवदा डॉक्टरनं
तोंडावर मुखवटा बांधून मला पट्ट्यावर पळवलं
आणि कागद पुढे सरकवला:
इतका प्राणवायू, इतके ठोके, इतकं शिल्लक.
कागदावर येल्त्येचं नाव नव्हतं.
त्याच आठवड्यात बहिणीशी फोनवर वाजलं होतं,
आईच्या शेवटच्या महिन्यांत
कुणी किती रात्री जागवल्या यावरून,
आणि सकाळी अंथरुणातच नाडी अठ्ठावन्न.
शंभर किलोमीटर सायकल मारूनही ती
बावन्नच्या वर जात नाही माझी.
शरीर वेगवेगळ्या वह्या ठेवत नाही.
चढ आणि बहिणीचा शब्द
एकाच पानावर मांडतं, एकाच शाईनं.

पहिल्या सहा फेऱ्या मी नव्हतेच.
पात्यांची खरखर होती, आणि पुढे कुणाची तरी पाठ.

नवव्या फेरीत वारा समोरून आला.
मांड्यांत कुणी ओली वाळू ओतली.
दाउवे काठावर उभा होता, एकाहत्तर वर्षांचा,
खुबा बदलल्यापासून नुसता पेले धरणारा.
म्हणाला, गिळू नकोस, उलटी होईल.
चूळ भर आणि थुंकून टाक.
साखरेचं पाणी. थुंकलं.
आणि पाय, चाळीस वर्षं मुरलेले माझे पाय,
फसले!
पोटात थेंब गेला नव्हता, तरी निघाले
बादलीचा आवाज ऐकून
गोठ्याकडे वळलेल्या गायींसारखे.

मग मीही त्यांना गंडवत गेले.
त्या वाकड्या झाडापर्यंत. त्या लाल टोपीपर्यंत.
आता टोपीवाला थांबेपर्यंत.
तो मेला थांबेचना.

बोटं कधीच बधिर झाली होती.
चाचपलं तर डावा हातमोजा रिकामा.
झालं. संपलं.
आत कुणीतरी दिवे मालवत गेलं, एकेक खोली,
खांदे उतरले, पोटऱ्या घरी निघाल्या,
मी रडायलासुद्धा सुरुवात केली.
तेव्हा फळीवरचा माणूस बोट वर करून म्हणाला,
अजून एक.

अंगठ्याच्या शिवणीत अडकला होता तो.

ताकद नव्हती असं नाही म्हणणार मी.
सकाळी कुणी सतरा सांगितल्या असत्या
तर सोळावी झालीच असती.
पण निरोप देऊन झालेल्या पायांना
परत कसं बोलवायचं, ते मला येत नाही.
मी बसले. दाउवेनं घोंगडं टाकलं.
तो काही बोलला नाही, हे बरं केलं.

चार दिवस जिना उलटी उतरले.
दोन नखं काळी पडली, गळली.
नवव्या दिवशी नाडी सेहेचाळीस,
मांड्या टपालाच्या सायकलवर पूर्वीसारख्या.
शरीर विसरलं.
मी मात्र मार्च संपेपर्यंत रोज रात्री
तळ्याच्या त्याच काठावर बसून होते.

एप्रिलमध्ये येल्त्येला फोन केला.
आधी हवापाणी. मग तिनं विचारलं, किती फेऱ्या झाल्या गं?
पंधरा.
सोळा सांग की, ती म्हणाली, कोण मोजतंय.
मी म्हटलं, आपण दोघी.
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
मग ती हसली, की नाक ओढलं, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी उठले.
नाडी मोजायची राहिली.